जुनी बोट

माघातल्या एका रविवारी माझा धाकटा मेहुणा कुहीहून मोटारसायकलवर नागपूरला आला आणि चहाची बशी खाली ठेवीत म्हणाला, "भाऊजी, एक बोट पाहाची हाय. संगं याल का?"

मी त्याच्या हातांकडे पाहिले. दहाही बोटे धड दिसत होती. मग त्याने खिशातून मोबाइल काढून छायाचित्र पुढे केले. पांढरीशुभ्र अठ्ठावीस फुटी लाँच, आत दोघांना निजण्यापुरती केबिन, पाटाएवढा ओटा, आणि इंजिन मागे लटकवलेले नसून पोटात बसवलेले. वय तेवीस वर्षे. मुंबईपलीकडच्या एका खाडीकाठी उभी होती आणि मालक साडेसहा लाख मागत होता. नामे-सर्वनामे शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला नावेतले काय कळणार? पण भाऊजी एम.ए. झालेले, तेव्हा ते सोबत असले म्हणजे कोणी फसवीत नाही, असा माझ्या सासुरवाडीचा जुना समज आहे. तो मी आजवर मोडू दिलेला नाही.

"वावराचे पैसे पान्यात टाकतं का रे?" स्वयंपाकघरातून सौ.चा आवाज आला.

"वावर पान्यातच त हाय, बाई."

यावर ती गप्प झाली. का, ते वाचकांना सांगायला हवे. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते बसली, तेव्हा हा मेहुणा पाळण्यातही नव्हता. धरण पवनीजवळ, भंडारा जिल्ह्यात; लांबी सुमारे साडेअकरा किलोमीटर, दरवाजे ३३. पण पाणी जिल्ह्याची हद्द विचारीत नाही. ते मागे सरकत सरकत आमच्या कुही तालुक्यात शिरले आणि गावेच्या गावे उठली. सासऱ्यांचे चार एकर गेले, घर गेले. मोबदल्याच्या वाटण्या होऊन धाकट्याच्या वाट्याला आलेली रक्कम बँकेत पडून होती. घरात तिला कोणी हात लावीत नसे. देव्हाऱ्यातल्या टाकासारखी ती नुसती असायची.

त्याचा हिशेब अगदीच वेडा नव्हता. आंभोऱ्याला वैनगंगा, कन्हान, आम, मुरझा आणि कोलारी अशा पाच नद्या भेटतात. वर टेकडीवर चैतन्येश्वराचे देऊळ आहे. (मुकुंदराजाने 'विवेकसिंधु' इथेच रचला असे आम्ही वैदर्भीय मानतो, अंबेजोगाईकर मानीत नाहीत. तो वाद मी वर्गात दरवर्षी एक तास चालवतो.) २०२४ साली तिथला तारांनी तोललेला पूल खुला झाला आणि रविवारी नागपूरकरांची रीघ लागू लागली. शासनानेही जलपर्यटनाचा प्रकल्प हाती घेतला. "केबिनवाली बोट इकडं कोनापाशी हाय, सांगा!" मेहुणा म्हणाला. मला सांगता आले नाही. आम्ही विदर्भ एक्सप्रेसने निघालो.

ओळखीतून एक म्हातारा मिस्त्री मिळाला होता. त्याने फोनवरच बजावले होते, "आपण येईपर्यंत इंजिन चालू करू नका म्हणून मालकाला सांगा." आम्ही पोचलो तेव्हा बोट कोरड्यावर लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. मिस्त्री शिडीने चढला, जमिनीतले झाकण उचलले आणि तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा इंजिनावर तळहात ठेवला.

"गरम आहे. सकाळीच कोणीतरी उठवलंय याला."

थंड इंजिन एका झटक्यात चालू होत नसेल, तर ते गिऱ्हाइकाच्या डोळ्यांआड आधीच तापवून ठेवतात, हे मला तेव्हा कळले. मग त्याने तेलाची पट्टी ओढून माझ्या नाकासमोर धरली. तेल दुधाच्या चहासारखे दिसत होते. "पाणी शिरलंय, मास्तर." समुद्राचेच पाणी खेळवून ज्या इंजिनाला थंड ठेवतात, त्याच्या धुराड्याचा ओतीव भाग आतून गंजत जातो. वरून रंग झकपक, आतून चाळण. आणि मग पाणी थेट सिलिंडरात.

नंतर त्याने हातोडी काढली. बाजारात मडके घेताना आपण वाजवून पाहतो ना, अगदी तसा तो बोटीभोवती वाजवीत फिरला. टण, टण, टण. आणि मागल्या बाजूला एकदम थप्प. बोटीचे कवच फायबरचे, पण त्याला आतून लाकडाचा आधार असतो. तो कुजला की आवाज असा बसतो. खिडक्यांच्या खालची फळी पायाखाली दबत होती. पंख्याचा दांडा हाताने हलवला तर तो खुळखुळला. तळाला ताजा रंग होता, आणि मिस्त्रीला सगळ्यात राग आला तो त्याचाच. "तळाला कोण रंग देतं हो? ज्याला काही झाकायचं असतं तो."

इंजिन पेट्रोलचे होते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती बोटीच्या तळाशी साचून राहते. म्हणून चावी फिरवण्याआधी चार-पाच मिनिटे पंखा लावून ती बाहेर काढायची असते. इथे तो पंखा फिरेचना. मिस्त्रीने नुसते मेहुण्याकडे पाहिले.

मालक सभ्य गृहस्थ होते. ते तत्काळ पाच लाखांवर आले. किंमत इतक्या चपळाईने उतरलेली पाहून मलाच धडकी भरली.

"खारं पाणी लोखंड खातं, पावसाचं गोडं पाणी लाकूड," हात पुसत मिस्त्री म्हणाला. "तुमचं पाणी कसलं? तळाला काय आहे?"

"झाडं," मेहुणा म्हणाला, आणि त्याने बोटांवर मोजायला सुरुवात केली. बांधावरचा आंबा, दोन मोह, नाल्याकडच्या बाभळी, विहिरीजवळचे कडुनिंब. "मले सारं ठावं हाय."

मिस्त्री जरा वेळ बोलला नाही. मग त्याने बोटीखाली वाकून पंखा दाखवला. मागे लटकवलेले इंजिन खोडाला अडले तर वर उचलता येते. हा पंखा पोटातून निघालेल्या दांड्याला जखडलेला, पाण्याखाली तीन फुटांवर. एक खोड पुरे. शिवाय नागपूरची घाण नाग नदीतून कन्हानेत आणि कन्हानेतून या पाण्यात येते, त्यावर जलपर्णी माजते, आणि इंजिनाला पाणी ओढणाऱ्या तोंडात ती बसली की इंजिन तापलेच. या घाणीत माझ्याही घराचा वाटा आहे, म्हणून मी तेवढे ऐकून घेतले.

परतीच्या गाडीत मी वहीच्या मागल्या पानावर आकडे मांडले. इंजिन, लाकूडकाम, आठशेवर किलोमीटर ट्रेलरचे भाडे. १९१७चा कायदा जाऊन आलेल्या २०२१च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे नोंदणी, तपासणी, विमा. बोटीच्या किमतीपेक्षा बेरीज मोठी झाली. मेहुण्याने वही पाहिली नाही. अकोला गेल्यावर तो खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "मायले एकदा तिथं न्याचं होतं, भाऊजी. उघड्या डोंग्यात बसाले भेव लागते तिले. केबिन असती त बसली असती."

हे त्याने आधी का सांगितले नाही, असे मी विचारले नाही.

चैत्रात आम्ही सासूबाईंना आंभोऱ्याला नेले. तिथल्या एका ढिवराची साधी फायबरची नाव ठरवली. मागे उचलता येणारे छोटे इंजिन, वर छप्पर नाही. लुगड्यावर नारिंगी जाकीट चढवायला त्या आधी तयार नव्हत्या. शेवटी सौ.ने स्वतः ते घालून दाखवले, तेव्हा बसल्या. दोन्ही हातांनी लेकाचा दंड धरून. वाळलेली झाडे पाण्यातून वर आलेली होती, तिथे नावाड्याने इंजिन उचलून बांबू घेतला.

"ह्या जागी विहीर, माय," मेहुणा म्हणाला.

सासूबाईंनी दंड सोडला. "काहीच्या काही. विहीर तिकडं. इथं मोठा मोह होता."

नावाड्याने बांबू खाली सोडला. तो कशाला तरी लागला. विहिरीचा कठडा की मोहाचे खोड, यावर मायलेकांचे भांडण नाव काठाला लागेपर्यंत चालू होते.