गॅस संपत नसतो

आमच्या तिरल्यात एसी म्हणजे धुळीशी भांडण. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी फिल्टर काढायचा, नळाखाली धुवायचा, सावलीत वाळवायचा, की झालं. तेच शहाणपण शिकवायला मी वसईला भाच्याकडे गेलो.

"मामा, फिल्टर स्वच्छच आहे. पण दरवर्षी गॅस भरावा लागतो."

दरवर्षी? अरे, ते काय स्कूटरचं पेट्रोल आहे? गॅस बंद नळ्यांतच फिरतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. गॅलरीतलं युनिट पाहिलं, तर ॲल्युमिनियमच्या पात्यांवर पांढरी भुकटी, बोट लावलं की झडतायत. समुद्राची खारी, दमट हवा तांबं आणि ॲल्युमिनियम जिथे टेकतात तिथेच आधी खाते. शेवटी कॉइलच बदलावी लागली. तिचं बिल सांगत नाही!

आता तो महिन्यातून एकदा मेन स्विच बंद करून पात्यांवर गोड्या पाण्याची हलकी धार सोडतो. प्रेशर पंप नको, पात्या वाकतात. युनिट बाहेर भिंतीवर लटकत असेल तर मात्र मेकॅनिकच बोलवा.

जुलैत त्याचा फोन आला, "पाऊस पडतोय, आता कशाला धुवायचं?" म्हटलं, तुझं युनिट छपराखाली आहे, तिथे खारं वारं पोचतं, पाऊस नाही. धू.