हिशेब लिराचा, हिशेब युरोचा

पर्यटकांच्या जिवावर जगणाऱ्या गावात दोन प्रकारची माणसे राहतात. एकांचे पैसे परकीय चलनात येतात, दुसऱ्यांचा पगार देशाच्या चलनात होतो. गाव एकच, बाजार एकच, बेकरीतला पावही एकच. पण महिनाअखेर मात्र दोघांची वेगवेगळी. तुर्कस्तानच्या लिराची घसरण, तिथली चलनवाढ, व्याजदरांचे चढउतार यांच्या बातम्या आपण गेली काही वर्षे वाचत आलो आहोत. त्या बातम्यांचा अर्थ मला आकड्यांपेक्षा चहाच्या पेल्यापाशी आणि भाजीच्या ढिगापाशी अधिक स्पष्ट कळला. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये मी सेल्चुक या गावी आठ दिवस राहिलो होतो, तेव्हाची ही निरीक्षणे आणि त्यानंतरचा थोडा विचार.

सेल्चुक हे इझमीर प्रांतातले सुमारे ३८ हजार वस्तीचे गाव. त्याच्या कुशीत एफेससचे अवशेष आहेत आणि वर्षाला वीस लाखांहून अधिक माणसे ते पाहायला येतात. प्राचीन जगातील सात आश्चर्यांपैकी एक असलेले आर्टेमिसचे मंदिर इथलेच. आज तिथे दगडांचे तुकडे रचून उभा केलेला एकच खांब आहे आणि त्याच्या टोकावर करकोचांचे घरटे. हे मंदिर सापडले तेही आगगाडीच्या निमित्ताने. १८६०च्या दशकात इंग्रज कंपनीचा लोहमार्ग इझमीरहून इथवर आला. त्याच्या स्थानकांचे काम करणारा जॉन टर्टल वुड नावाचा गृहस्थ मंदिराच्या शोधाने झपाटला आणि १८६९च्या अखेरीस त्याला ते दलदलीखाली गवसले. मुंबई-ठाणे गाडी १८५३मधली हे ध्यानात घेतले, तर त्या काळी लोखंडी रूळ कुठे कुठे आणि कशासाठी धावत होते, याची कल्पना येते.

अशा परक्या मुलुखात मराठी माणसाला पहिला सुखद धक्का बसतो तो भाषेचा. हॉटेलात बिल मागायचे तर म्हणायचे ‘हेसाप’. हा आपलाच हिशेब! दुकान ते ‘दुक्क्यान’, साबण तो ‘साबुन’, बदाम तो ‘बादेम’, हवा ती ‘हावा’ आणि चहा तो ‘चाय’. अरबी-फारसीच्या वाटेने हे शब्द दोन्हीकडे पोचले. ‘पाझार’ या शब्दाचे तर दोन अर्थ: बाजार आणि रविवार. अनोळखी वयस्क बाईला तिथे ‘तेयझे’ म्हणतात. तेयझे म्हणजे आईची बहीण. आपणही भाजीवालीला मावशीच म्हणतो. मी ज्या छोट्या पथिकगृहात उतरलो होतो, तिथल्या मालकीणबाईंना सारी गल्ली तेयझे म्हणत असे. मीही म्हणू लागलो.

गावाचा आठवडी बाजार मात्र शनिवारी भरतो. खेड्यांतून टोमॅटो, ऑलिव्ह, चीज, अंजिरे, डाळिंबे, पालेभाज्यांच्या जुड्या येतात. त्या बाजारात पाटीवर किंमत खडूने लिहिलेली असते. पर्यटकांच्या हॉटेलांतील खाद्यपत्रिका पाहाव्यात, तर किमतीवर कागदाची पट्टी, तिच्यावर दुसरी पट्टी, तिच्यावर तिसरी. नख लावून एकेक पट्टी उचलली की देशाचा अलीकडचा आर्थिक इतिहास वाचता येतो. काहींनी पट्ट्यांचा वैताग संपवून टेबलावर नुसता मोबाइलने वाचायचा चौकोनी ठिपक्यांचा कागद ठेवला आहे. त्यामागची किंमत रोज बदलली तरी छपाईचा खर्च नाही!

हा इतिहास थोडक्यात असा. वाढत्या किमतींनी नोटांवर शून्यांची रांग लागली, म्हणून २००५मध्ये तुर्कस्तानने लिरावरची सहा शून्ये पुसून टाकली. काही वर्षे बरी गेली. पण व्याजदर वाढवले की महागाई वाढते, असा अध्यक्ष एर्दोआन यांचा आग्रह होता. अर्थशास्त्राची पुस्तके नेमके उलटे सांगतात. सप्टेंबर २०२१पासून मध्यवर्ती बँकेने १९ टक्क्यांवरचा दर उतरवत नेला. फेब्रुवारी २०२३मध्ये तो साडेआठ टक्क्यांवर आला. दरम्यान, ऑक्टोबर २०२२मध्ये सरकारी आकड्यांनुसारच महागाई ८५ टक्क्यांवर गेली होती. मे २०२३च्या निवडणुकीनंतर धोरण फिरवले गेले आणि मार्च २०२४पर्यंत तोच दर ५० टक्क्यांवर चढवण्यात आला.

इथे एक प्रश्न साहजिकच पडतो. लिरा घसरला, तर परदेशी पाहुण्याला तुर्कस्तान स्वस्त वाटायला हवे. मग सगळे ‘महाग झाले’ असे का म्हणत होते? याचे उत्तर दोन वेगांच्या शर्यतीत आहे. २०२४ या वर्षात डॉलरची लिरातील किंमत सुमारे २० टक्क्यांनी वाढली; पण देशातल्या किमती वर्षभरात ४४ टक्क्यांनी वाढल्या. म्हणजे पाहुण्याच्या डॉलरला जितके जास्त लिरा मिळाले, त्याहून कितीतरी जास्त जेवणाचे बिल फुगले. धोरणकर्त्यांच्या दृष्टीने लिरा थोपवून धरणे हा महागाईवरचा उपाय होता. पण निर्यातदार आणि हॉटेलवाले यांच्या दृष्टीने तीच अडचण झाली.

तेयझेंचा हिशेब सरळ होता. परदेशी पाहुण्याचे भाडे युरोत ठरवायचे आणि खर्च लिरात करायचा. चादरी धुणाऱ्या बाईंचा हिशेब मात्र इतका सरळ नव्हता. २०२४ साली किमान वेतन हाती पडताना १७ हजार २ लिरा होते. आधीच्या दोन वर्षांत सरकारने जुलैमध्येही वेतन वाढवले होते. २०२४मध्ये महागाई आवरण्यासाठी ती वाढ दिली नाही. जानेवारीत ठरलेला पगार आणि डिसेंबरातला बाजार, यांतले अंतर या बाईंनी आपल्या स्वयंपाकघरात भरून काढायचे होते. शनिवारी त्या सकाळी बाजारात जात नसत. दुपार कलली, विक्रेते आवराआवर करू लागले, की भाव उतरतात, तेव्हा जात. हा शहाणपणा आपल्याकडच्या गृहिणींना कुणी शिकवायला नको.

एफेससच्या दारावर हाच फरक छापील स्वरूपात दिसतो. २०२४पासून परदेशी पाहुण्यांचे तिकीट ४० युरो झाले. त्या वेळच्या भावाने चार मोठ्या माणसांची तिकिटे म्हणजे किमान वेतनाच्या एका महिन्याचा तिसरा हिस्सा. तुर्की नागरिकांसाठी मात्र वर्षभर चालणारे स्वस्त संग्रहालय-कार्ड आहे. ते योग्यच, ताजमहालच्या दारावर आपणही परदेशी पाहुण्याकडून अधिक पैसे घेतो. प्रश्न त्या पैशातले गावात किती उरतात, हा आहे. जवळच्या कुशादासी बंदरात मोठमोठी प्रवासी जहाजे लागतात. प्रवासी बसने येतात, दोन-तीन तास अवशेष पाहतात, एखादे गालिच्याचे दुकान पाहतात आणि जेवायला जहाजावर परततात. गावाच्या वाट्याला बसचा धूर आणि रस्त्यावरची कोंडी. मुक्कामी राहणारा, शनिवारच्या बाजारातून अंजिरे घेणारा पाहुणा संख्येने थोडा. पण गावाला जगवतो तो.

घरांचेही तसेच. पाहुण्यांना दिवसाच्या भाड्याने घर देण्यात फायदा दिसला, की गावकऱ्याला महिन्याच्या भाड्याने घर मिळेनासे होते. १ जानेवारी २०२४पासून लागू झालेल्या कायद्याने अशा भाड्यासाठी परवाना सक्तीचा केला आणि बहुमजली इमारतीत सर्व घरमालकांची संमतीही लागेल असे ठरवले. गोव्यात ज्यांनी भाड्याचे घर शोधले आहे, त्यांना या कायद्याची गरज समजावून सांगावी लागणार नाही.

सेल्चुकपासून थोड्या अंतरावर डोंगरात शिरिन्जे नावाचे खेडे आहे. पांढऱ्या भिंतींची जुनी घरे आणि फळांची दारू यासाठी प्रसिद्ध. ही घरे बांधली ग्रीकांनी. १९२३च्या कराराने तुर्कस्तानातले सुमारे बारा लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसला आणि ग्रीसमधले साडेतीन-चार लाख मुसलमान तुर्कस्तानला गेले. शिरिन्जेत आज राहणारे अनेकजण त्या आलेल्यांचे नातू-पणतू. फाळणी पाहिलेल्या देशातल्या माणसाला त्या गल्ल्यांतून फिरताना घरांकडे नुसते ‘सुंदर’ म्हणून पाहता येत नाही. काळाची गंमत अशी, की २०२४पासून ग्रीसने सामोससारख्या जवळच्या काही बेटांवर तुर्की नागरिकांना बंदरातच आठवड्याचा व्हिसा द्यायला सुरुवात केली. आपल्याच किनाऱ्यावरचे जेवण परवडेना, म्हणून तुर्की मध्यमवर्गीय बोटीने ग्रीक बेटांवर सुटीला जाऊ लागले. जिथून आजोबांना बाहेर पडावे लागले, त्या देशात नातू स्वस्त मासळी खायला जातो!

अशा गावाचे नशीब ठरते दूरवर. २०१५च्या नोव्हेंबरमध्ये रशियाचे विमान पाडले गेले, पुढच्या वर्षी बॉम्बस्फोट आणि फसलेला लष्करी उठाव झाला. २०१६मध्ये परदेशी पाहुणे सुमारे ३६ दशलक्षांवरून २५ दशलक्षांवर आले. २०२०मध्ये साथीने सारेच बंद पाडले. मे २०२५मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’च्या वेळी तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली, तेव्हा आपल्याकडे संतापाची लाट उठली. सहली रद्द झाल्या, पुण्याच्या बाजारात तुर्की सफरचंदांवर बहिष्कार पडला. आपला पैसा कुठे खर्चावा हे ठरवण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि तो संताप अकारण नव्हता. पण परिणामाचा हिशेब मांडताना दोन आकडे शेजारी ठेवावेत. २०२४मध्ये तुर्कस्तानात ६ कोटी २० लाखांहून अधिक पाहुणे गेले. त्यांत भारतीय साडेतीन लाखांच्या आतले. अंकाराला हा धक्का फारसा जाणवणार नाही. जाणवेल तो भारतीय लग्ने सजवणाऱ्या फुलवाल्याला, भारतीय स्वयंपाक शिकून घेतलेल्या आचाऱ्याला, वाटाड्याला. परराष्ट्र धोरण ठरवताना यांना कुणी विचारलेले नसते.

एफेसस मेले ते शत्रूच्या हल्ल्याने नव्हे. एकेकाळी ते रोमन साम्राज्यातले वैभवशाली बंदर होते. पण नदी गाळ आणत राहिली, शतकानुशतके बंदर उपसत राहावे लागले आणि अखेर समुद्रच काही किलोमीटर मागे हटला. जहाजे बंद झाली, तशी वस्ती आताच्या सेल्चुकच्या टेकडीकडे सरकली. एकाच बंदरावर जगणाऱ्या शहराचे काय होते, याचा धडा तिथे संगमरवरात मांडलेला आहे.

सेल्चुक अजून तरी नुसत्या पाहुण्यांवर जगत नाही. गावाभोवती पीचच्या आणि संत्र्यांच्या बागा आहेत, ऑलिव्हची झाडे आहेत, शनिवारचा बाजार आहे. पर्यटक कमी आले त्या वर्षांत या बागांनीच घरे तगवली, असे तेयझे म्हणत. पर्यटनाचे आराखडे आखणाऱ्यांनी, मग ते इझमीरमधले असोत की पणजीतले, खोल्यांची संख्या मोजताना गावाची शेती आणि आठवडी बाजार किती टिकला, हेही मोजले पाहिजे. पाहुणे आले नाहीत त्या वर्षी गाव काय खाणार, याचे उत्तर त्या दुसऱ्या मोजणीतच मिळते.