कोठाराच्या किल्ल्या

राजकीय स्वातंत्र्य हातीं आलें कीं आर्थिक स्वातंत्र्य त्याच्या पाठोपाठ चालत येतें, असा समज आपल्याकडील सुशिक्षितांत फार खोलवर रुजलेला आहे. एखाद्या प्रांताची पिळवणूक होत असेल, तर पिळणारा हात परका आहे एवढेंच दुःखाचें कारण मानावयाचें, आणि तो हात दूर झाला कीं दुःखहि सरलें असें समजावयाचें, ही विचारसरणी भावनेला गोड वाटते. परंतु तिची परीक्षा इतिहासानें आपल्या शेजारींच घेतली आहे. पाकिस्तानांतून १९७१ सालीं फुटून निघालेला पूर्व बंगाल, म्हणजे आजचा बांगलादेश, हें त्या परीक्षेचें स्थळ. या प्रांताचें गाऱ्हाणें खरें होतें, त्याचा लढा न्याय्य होता, आणि त्यानें मोजलेली किंमत भयंकर होती. म्हणूनच विजयानंतर त्यानें व्यापार व कारखानदारी यांचें काय केलें, हें विचारण्यास आपण संकोच करूं नये.

गाऱ्हाणें काय होतें तें आधीं नीट पाहूं. १९४७ सालीं फाळणी झाली तेव्हां अखंड बंगालांतील तागाचें बहुतेक पीक पूर्व भागांत येत होतें. परंतु तागाची एकहि गिरणी तेथें नव्हती. त्या सर्व हुगळीच्या कांठीं, कलकत्त्याच्या आसपास राहिल्या. पुढें १९५१ सालीं नारायणगंजला आदमजी गिरणी उभी राहिली व तिच्यामागून इतरहि आल्या. तथापि मोठें भांडवल बहुतांशीं बंगालबाहेरच्यांचें, आणि परवाने देणारी कचेरी कराचींत! पाकिस्तानच्या पहिल्या तेवीस वर्षांत देशाच्या निर्यातीपैकीं निम्म्याहून अधिक माल पूर्वेचा होता. आयातीचा मात्र तिसऱ्या हिश्शाच्या आसपासच भाग पूर्वेच्या वांट्याला आला.

हा उलटा हिशेब घडवून आणणारें यंत्र कोणतें? त्याचें पहिलें चाक हुंडणावळीचें. १९४९ च्या सप्टेंबरांत ब्रिटनपाठोपाठ भारतानें आपल्या रुपयाचें अवमूल्यन केलें. पाकिस्ताननें तें नाकारलें, आणि आपला हट्ट १९५५ पर्यंत चालविला. रुपया कागदावर महाग ठेवला, म्हणजे तागाच्या गांठीबद्दल परदेशांतून आलेल्या पौंडाचे शेतकऱ्याला कमी रुपये मिळतात. आणि ज्याच्यापाशीं आयातीचा परवाना असेल, त्याला तोच पौंड स्वस्तांत पडतो. कोणी कर बसविला नाहीं, कोठें ठराव झाला नाहीं, तरीहि मैमनसिंगच्या कुळाच्या कनवटीचा पैसा कराचीच्या कारखानदाराच्या तिजोरींत जाऊन पडला. यंत्राचें दुसरें चाक म्हणजे तो परवाना. कोणीं काय आणावें, किती आणावें, कोणीं गिरणी काढावी, हें सर्व एका कचेरींत, माणसाचें तोंड पाहून ठरे. नियोजन मंडळाचे प्रमुख अर्थशास्त्रज्ञ महबूब उल हक यांनीं १९६८ सालीं जाहीर केलें कीं, देशाच्या उद्योगधंद्यांपैकीं सुमारें दोन-तृतीयांश भाग बावीस घराण्यांच्या हातीं आहे. हीं घराणीं आकाशांतून पडलेलीं नव्हतीं. परवान्यानेंच तीं पोसलीं होतीं. शेख मुजीबुर रहमान यांच्या १९६६ च्या सहा कलमांत चलन, कर आणि परकीय चलनाचा स्वतंत्र हिशेब यांना एवढें महत्त्व मिळालें, त्याचें कारण हेंच.

१६ डिसेंबर १९७१ रोजीं पाकिस्तानी फौज शरण आली. पश्चिमेकडचे मालक व व्यवस्थापक निघून गेले होते. गिरण्या बेवारस पडल्या होत्या. अशा वेळीं सरकारनें त्यांचा ताबा घेतला, तें योग्यच केलें. घर जळत असतांना पाणी कोणाच्या विहिरीचें, हें पाहत बसणारा माणूस शहाणा नव्हे. माझा आक्षेप आहे तो २६ मार्च १९७२ च्या हुकुमावर. त्या दिवशीं तागाच्या, कापडाच्या व साखरेच्या गिरण्या, बँका आणि विमा कंपन्या राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. त्यांत परागंदा मालकांच्याच नव्हेत, तर घरींच असलेल्या बंगाली मालकांच्या गिरण्याहि गेल्या. परदेशी बँका व ब्रिटिश कंपन्यांचे चहाचे मळे मात्र वगळण्यांत आले. आधुनिक उद्योगांतील स्थावर व यंत्रसामग्री यांपैकीं नव्वद टक्क्यांहून अधिक भाग सरकारकडे आला, आणि नव्या खाजगी भांडवलाला पंचवीस लाख टक्यांची वेस घालून देण्यांत आली. निकडीपायीं जें करावें लागलें, त्यालाच सिद्धान्ताचें सिंहासन देण्यांत आलें.

आणि मग तें जुनें यंत्र पुन्हां फिरूं लागलें. नव्या टक्याचा दर १९७२ सालीं भारतीय रुपयाच्या बरोबरीनें ठरविला. बाजारांत त्याची किंमत भराभर उतरत असतांहि सरकारी दर तसाच राहिला. अखेर १९७५ च्या मे महिन्यांत पौंडाचा भाव सुमारें एकोणीस टक्यांवरून तीस टक्यांवर न्यावा लागला. त्या तीन वर्षांत तागाच्या शेतकऱ्याला कराचीनें शिकविलेलाच धडा ढाक्यानें पुन्हां दिला. कच्च्या तागाची निर्यात सरकारी महामंडळाच्या हातीं गेली. सरकारी भाव परवडेना, तेव्हां शेतकरी भाताकडे वळूं लागला, आणि तागाच्या गांठी रात्रीच्या अंधारांत सरहद्द ओलांडून भारतांत येऊं लागल्या. आयातीचे परवाने सत्ताधारी पक्षाच्या माणसांना मिळूं लागले. ते स्वतः व्यापार न करितां परवानाच विकून मोकळे होत. परवान्यांचा हा संसार आपल्याहि वाचकांना अपरिचित नाहीं. १९५१ च्या उद्योगविषयक कायद्यापासून १९९१ पर्यंत आपणहि तो थाटला होता.

यावर समाजवादी मित्र म्हणतील कीं, युद्धानें पूल व रस्ते उद्ध्वस्त झाले होते, अनुभवी माणसें नव्हतीं, १९७३ सालीं तेलाचे भाव भडकले, १९७४ सालीं महापूर आला. अशा आपत्तींत कोणतेंहि धोरण कोसळलें असतें. यांतील प्रत्येक गोष्ट खरी आहे. परंतु धोरणाची कसोटी आपत्तींतच लागते. १९७४ च्या दुष्काळांत सरकारी आकड्याप्रमाणेंच सुमारें सव्वीस हजार माणसें मेलीं. इतर अंदाज याच्या कितीतरी पट आहेत. अमर्त्य सेन यांनीं १९८१ सालीं दाखवून दिलें कीं, त्या वर्षीं देशांतील धान्याचा दरडोई पुरवठा आसपासच्या वर्षांपेक्षां कमी नव्हता. भूमिहीन मजुराची तें विकत घेण्याची शक्तीच संपली होती. शिधावांटपाची सरकारी व्यवस्था होती. पण ती मुख्यतः शहरें, सरकारी नोकर, पोलीस व सैन्य यांच्यासाठीं. रंगपूरचा मजूर तिच्या यादींत नव्हता. किल्ली ज्याच्या कमरेला, त्याच्या जवळच्यांना आधीं वाढलें जातें, हा घरोघरचा अनुभव. सरकार स्वकीयांचें झालें म्हणून तो बदलत नाहीं.

१९७२ च्या राज्यघटनेनें राष्ट्राची मालकी ही 'जनतेच्या वतीनें' असलेली मालकी आहे, असें सांगितलें. शब्द सुंदर आहेत. परंतु ज्याच्या वतीनें कारभार चालतो, त्यानें हिशेब मागावा कोठें? जानेवारी १९७५ मध्यें घटनादुरुस्तीनें एकपक्षीय राज्याची तरतूद झाली, आणि त्याच वर्षीं बहुतेक वृत्तपत्रें बंद करण्यांत आलीं. कारखाना सरकारचा, बँक सरकारची, वृत्तपत्र सरकारचें, मग गाऱ्हाणें ऐकणारा तरी निराळा कोण उरला? कराचीविरुद्ध ढाक्यांत आवाज उठवितां येत होता. ढाक्याविरुद्ध तो उठवावयास दुसरें ढाकें नव्हतें.

आतां दुसऱ्या बाजूचे मित्र हर्षानें टाळ्या पिटतील, आणि सरकारनें कारखानदारीस हातच लावूं नये असा निष्कर्ष काढून मोकळे होतील. त्यांनाहि इतिहास फारशी साथ देत नाहीं. १९८२ च्या नव्या औद्योगिक धोरणानें बंगाली मालकांच्या अनेक गिरण्या त्यांना परत मिळाल्या. म्हणून ताग सुधारला काय? कृत्रिम धाग्यानें त्याची बाजारपेठ खाल्लीच होती. कित्येक गिरण्या खाजगी हातांतहि तोट्यांतच राहिल्या, आणि बँकांचीं कर्जें थकलीं. आदमजी गिरणी सरकारनें ३० जून २००२ रोजीं बंद केली. सरकारी मालकीच्या उरलेल्या पंचवीस गिरण्यांना जुलै २०२० मध्यें टाळें लागलें आणि सुमारें पंचवीस हजार कायम कामगार घरीं गेले. मालकीचा शिक्का बदलल्यानें जुनीं यंत्रें नवीं होत नाहींत, आणि कर्ज फेडण्याची दानतहि येत नाहीं.

मग बांगलादेश सावरला तो कशानें? मुख्यतः तयार कपड्यांच्या धंद्यानें. आज देशाच्या निर्यातीपैकीं चार-पंचमांशाहून अधिक भाग त्याचा आहे. हा धंदा १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सुरू झाला आणि त्याला दोन साध्या सवलतींनीं हात दिला: निर्यातीसाठीं आणलेल्या कापडावर जकात नाहीं, तें पहाऱ्याच्या गोदामांत ठेवावें, आणि परदेशी गिऱ्हाइकाच्या पतपत्राच्या तारणावर कापड आणण्यासाठीं बँकेनें दुसरें पतपत्र द्यावें. यांतहि सरकार होतेंच. परंतु येथें सरकारनें अमक्या माणसाला परवाना दिला नाहीं. जो अट पाळील त्या सर्वांसाठीं नियम केला. परवाना माणसाचें तोंड पाहतो, नियम पाहत नाहीं. सगळा वाद या एका भेदांत सामावलेला आहे, आणि सरकारी मालकी कीं खाजगी मालकी या आरडाओरडींत नेमका तोच हरवतो.

आणि जेथें सरकारचा हात अत्यावश्यक होता, तेथें तो नव्हता! २४ एप्रिल २०१३ रोजीं ढाक्याजवळच्या सावार येथें राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि अकराशेंहून अधिक माणसें चिरडलीं. त्यांपैकीं बहुतेक शिवणकाम करणाऱ्या मुलीबाळी होत्या. भिंतींना तडे गेलेले आदल्या दिवशींच दिसले होते. तरीहि त्यांना कामावर बोलाविलें गेलें. ज्या राज्यानें एके काळीं तागाच्या प्रत्येक गांठीवर आपला शिक्का मारण्याचा हट्ट धरला होता, त्याला कारखान्याचे खांब तपासून दार बंद करण्याचें साधलें नाहीं. गांठ मोजणें फायद्याचें असतें. खांब तपासणें नुसतें कर्तव्य असतें.

आजहि जगांत कितीतरी प्रांत वेगळे होऊं पाहत आहेत, आणि त्यांच्या पुढाऱ्यांच्या भाषणांत खाणी, बंदरें व कारखाने 'आपले' होण्याची भाषा असते. त्यांच्या दुःखाविषयीं आपल्याला सहानुभूति असावीच. परंतु नव्या झेंड्याला वंदन करण्यापूर्वीं त्यांच्या हितचिंतकांनीं तीन प्रश्न अवश्य विचारावेत. हुंडणावळीचा दर कोणाच्या सोयीनें ठरणार? आयात-निर्यातीची मुभा नियमानें मिळणार कीं मर्जीनें? आणि सरकारी महामंडळाच्या हिशेबावर कोण, कोठें, निर्भयपणें बोट ठेवूं शकणार? या प्रश्नांना उत्तर नसेल, तर ताग पिकविणाऱ्याच्या, गिरणींत राबणाऱ्याच्या आणि शिवणयंत्रावर वाकलेल्या मुलीच्या नशिबीं जुनेंच जिणें येईल. फक्त त्यांच्यावर हुकूम सोडणारा त्यांच्याच भाषेंत बोलत असेल.