भरपाई सरकारनेच द्यावी
संपादक महाशयांस,

पोलिसांच्या हातून बेकायदा मृत्यू घडल्यास दोषी शिपायास शासन व्हावे, खजिन्यावर बोजा नको, हे गतांकातील पत्रलेखकाचे म्हणणे मला सर्वथा अमान्य आहे. ओरिसातील जेराईकेला चौकीत १९८७ साली बांधून ठेवलेला २२ वर्षांचा तरुण दोर चावून पळाला व रेल्वेखाली सापडला, असा बचाव सरकारने मांडला असता, त्याच्या मातेचे साधे पत्र हाच अर्ज मानून सर्वोच्च न्यायालयाने तो मृत्यू कोठडीतील मारहाणीचा ठरविला, १९९३ मध्ये दीड लाख रुपये सरकारकडूनच देवविले आणि मूलभूत हक्कांच्या भंगापुढे सार्वभौमत्वाची सबब चालत नाही, असे बजावले. वर्दी आणि अटकेचा अखत्यार ज्याने दिला, त्यास जबाबदारी झटकता येईल कशी? दोषी अंमलदाराकडून ती रक्कम सरकारने अवश्य वसूल करावी. मातेला मात्र त्या वसुलीसाठी तिष्ठत ठेवू नये.

आपला,
एक वाचक