चढते मजले आणि खचणारा पाया

हैदराबादच्या गच्चीबावली भागातील सिद्दीकनगर वस्तीत २०२४ च्या नोव्हेंबरच्या १९ तारखेला रात्री एक इमारत एका अंगावर कलली. जेमतेम पन्नास-साठ चौरस यार्डांचा जमिनीचा तुकडा, त्यावर तळमजला आणि वर चार मजले! शेजारच्या भूखंडावर पायासाठी खड्डे खोदले जाताच या उंच काडेपेटीचा तोल गेला. रहिवाशांना बाहेर पडण्यास अवधी मिळाला म्हणून प्राणहानी टळली आणि पुढे यंत्रे लावून ती इमारत जमीनदोस्त करण्यात आली. याच शहरात २०१६ च्या डिसेंबरमध्ये नानकरामगुडा येथे बांधकाम चालू असलेली सात मजली इमारत कोसळून अकरा जीव गेले होते. तेव्हाही चौकशीची, कठोर कारवाईची भाषा झाली. आठ वर्षांनी तीच भाषा पुन्हा कानी आली. भाषा तीच राहते, मजले मात्र वाढत जातात.

असे मजले चढवतो तरी कोण? प्रत्येक वेळी तो धनदांडगा बिल्डरच असतो असे नव्हे. आयुष्यभराच्या पुंजीतून लहानसा भूखंड घेऊन त्यावर घर बांधलेला निवृत्त कारकून, छोटा दुकानदार, पतीच्या पश्चात संसार रेटणारी विधवा अशीही ही माणसे असतात. ज्यांना निवृत्तिवेतन नाही त्यांना वरच्या दोन खोल्यांचे भाडे हेच निवृत्तिवेतन असते. बँकेतील ठेवींवर विसंबून राहावे, तर २०२५ साली रिझर्व्ह बँकेने रेपो दर साडेसहा टक्क्यांवरून सव्वापाच टक्क्यांपर्यंत खाली आणला आणि ठेवींचे व्याजही त्यामागोमाग उतरले. अशा वेळी घरावर आणखी एक मजला चढवावा, असे कोणा गृहस्थास वाटले तर त्यास लोभी म्हणून हिणवणे अन्यायाचे होईल.

दुसऱ्या बाजूस गरजवंतांची रीघ आहे. १९९८ साली माधापूरच्या माळावर सायबर टॉवर्स उभे राहिले आणि हैदराबादचे रूपच पालटले. संगणकावर काम करणारे तरुण आले. त्यांच्यामागोमाग पहारेकरी, स्वयंपाकी, वाहनचालक आणि बांधकाम मजूरही आले. अमीरपेठेतील शिकवणी वर्गांसाठी गावोगावचे विद्यार्थी आले. मराठवाड्यातून येणाऱ्या आमच्या मराठी मुलांची संख्याही त्यांत थोडी नाही. या साऱ्यांना निवारा कोणी दिला? सरकारने विकत घेण्याच्या घरांच्या योजना आखल्या, पण भाड्याच्या घरांकडे फारसे पाहिले नाही. मोठ्या बिल्डरला सदनिका विकून मोकळे होण्यात रस. उरला तो छोटा घरमालक. शहराला पोटाशी धरले ते त्याच्या गच्चीने, हे सत्य आधी मान्य करावयास हवे. मुंबईत १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, नवी चाळ बांधण्यात कोणाला स्वारस्य उरले नाही आणि जुन्या चाळी डागडुजीवाचून खंगत गेल्या. भाडेकरूच्या हितासाठी केलेला कायदाच पुढच्या पिढीच्या भाडेकरूला बेघर कसा करतो, याचा तो धडा आहे. म्हणूनच घरमालकाला शत्रू लेखण्याची वृत्ती आम्हांस मान्य नाही.

परंतु गरज खरी आहे म्हणून नियम मोडण्याचा परवाना मिळत नाही. तेलंगणातील नियम तसे पाहता जाचक नाहीत. तेथे २०२० साली झालेल्या बांधकाम परवानगी कायद्यान्वये ७५ चौरस यार्डांपर्यंतच्या भूखंडावर तळमजला आणि एक मजला, म्हणजे ७ मीटरपर्यंतचे घर बांधण्यास परवानगीच लागत नाही. एक रुपया भरून नोंदणी केली की झाले. ६०० चौरस यार्डांपर्यंतच्या भूखंडावर १० मीटर उंचीच्या घराला मालकाच्या स्वयंघोषणेवर तत्काळ मंजुरी मिळते. म्हणजे राज्याने नागरिकावर विश्वास टाकला, आणि घोषणा खोटी ठरल्यास नोटिशीवाचून पाडकाम करण्याचा अधिकारही स्वतःकडे ठेवला. आता साठ यार्डांवर पाच मजले म्हणजे सुमारे १५ मीटर उंची. कायद्याने दिले त्याच्या दुप्पट मालकाने घेतले! हा विश्वासघात रात्रीत होत नाही. विटा येतात, सिमेंट येते, महिनोन् महिने काम चालते. महापालिकेच्या डोळ्यांना ते दिसत नसेल, तर ते डोळे मिटलेले आहेत किंवा मिटवलेले आहेत, असेच म्हणावे लागेल.

या धिटाईचे मूळ आमच्या मते 'नियमितीकरण' या गोंडस शब्दात आहे. संयुक्त आंध्रात २००७ साली दंड घेऊन बेकायदा बांधकामे पोटात घालण्याची योजना निघाली. तेलंगणात २०१५ साली तिची पुनरावृत्ती झाली. दुसऱ्या योजनेत लाखाहून अधिक अर्ज आले, प्रकरण न्यायालयात गेले आणि अर्ज वर्षानुवर्षे लटकले. एकदा क्षमा केली तर ती दया ठरते. दुसऱ्यांदा केली की ती प्रथा होते. 'आज बांधा, उद्या दंड भरा' हे समीकरण एकदा मनात रुजले की नियम पाळणारा मनुष्य शेजाऱ्यांत मूर्ख ठरतो. शिवाय दंडाच्या पावतीने कागद नियमित होतो. खांब मजबूत होत नाही. एका मजल्याचा भार पेलण्यासाठी घातलेला पाया चार मजल्यांखाली सरकारी शिक्क्याच्या बळावर कसा उभा राहणार?

हैदराबादखाली दख्खनचा ग्रॅनाइट आहे, इथे पाया कशाला खचतो, असा एक भाबडा समज आहे. परंतु खडक सर्वत्र एकाच खोलीवर नसतो. बुजवलेली तळी आणि भरावाची जमीनही याच शहरात आहे. आणि धोका केवळ पायाचा नाही. चारमिनारजवळ गुलजार हौज येथे १८ मे २०२५ रोजी सकाळी लागलेल्या आगीत सतरा जण दगावले, त्यांत आठ बालके होती. तिथे प्रश्न भाडेकरूंचा नव्हता, तेथे राहणारे कुटुंब आणि त्याचे आप्तच बळी पडले. पण खाली दुकाने, वर बिऱ्हाड आणि बाहेर पडण्यास एकच अरुंद वाट, ही रचना भाड्याच्या हजारो घरांतही आहे. फरक एवढाच की तिथे एका दारामागे एक नव्हे, दहा बिऱ्हाडे असतात.

सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात बजावले आहे की, दीर्घकाळ उभे आहे किंवा त्यावर पैसा खर्च झाला आहे, म्हणून बेकायदा बांधकाम कायदेशीर ठरत नाही. भोगवटा प्रमाणपत्र पाहिल्यावाचून वीज-पाण्याची जोडणी देऊ नये, बँकांनीही तपासूनच कर्ज द्यावे, असे निर्देश त्यात आहेत. ते सरकारांनी मनापासून अमलात आणावेत. पण सरसकट पाडापाडीने प्रश्न सुटणार नाही. पाडलेल्या मजल्यावरचा मजूर आकाशाखाली येईल, एवढेच होईल.

मार्ग मधला आहे आणि तो कष्टाचा आहे. जे घर आणखी एक मजला पेलू शकते, त्यास पायाची व खांबांची तज्ज्ञाकडून तपासणी करून, वाजवी शुल्कात, ठरावीक मुदतीत परवानगी मिळावी. जे पेलू शकत नाही, त्यास कोणत्याही दंडाने ती मिळू नये. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०१६ पासून टप्प्याटप्प्याने कायदे बदलून घराच्या परसात किंवा घरातच दुसरे छोटे बिऱ्हाड उभारण्याचा हक्क मालकांना दिला. नियमांत बसणाऱ्या अर्जावर आता ६० दिवसांत निर्णय द्यावा लागतो. अधिकाऱ्याच्या मर्जीला तेथे वाव ठेवलेला नाही. मर्जी गेली की चिरीमिरीही जाते, हे आपण शिकावे.

घरमालकांनाही दोन शब्द सुनावणे भाग आहे. आयकराचा कायदा भाड्याच्या निव्वळ उत्पन्नातून ३० टक्के वजावट देतो. प्रत्यक्ष खर्चाची पावती त्यासाठी मागितली जात नाही. ही सवलत ज्या दुरुस्ती-देखभालीसाठी मानली जाते, ती किती घरमालक करतात? कर्ज काढून मजले चढवणाऱ्यांनी २०२० सालही विसरू नये. महासाथीत तरुण आपापल्या गावी परतले, माधापूरच्या खोल्या ओस पडल्या आणि बँकेचे हप्ते मात्र चालूच राहिले. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण पायाइतकीच मजल्यांनाही लागू आहे.

हे सारे दूरच्या शहराचे रडगाणे म्हणून आमच्या किनारपट्टीने कानाआड करू नये. वास्को-म्हापशात मजुरांना आणि किनाऱ्यालगत पर्यटकांना खोल्या देणे हा इथेही अनेकांचा चरितार्थ झाला आहे. बेकायदा बांधकामे नियमित करण्याचा कायदा गोव्यानेही २०१६ साली केलाच आहे. पुढेमागे मजला चढवू म्हणून गच्चीवर उघड्या सोडलेल्या सळया आमच्या गावोगाव दिसतात. समुद्राची खारी हवा त्या सळयांना वर्षानुवर्षे खाते आणि एके दिवशी त्याच गंजक्या सळयांना नवे लोखंड बांधून वरचा मजला उभा राहतो. जो त्यावर पैसा लावतो तो सहसा खाली राहतो. वर राहतो तो परगावचा, नाव-गाव नसलेला भाडेकरू. आपल्या छपराखाली जो झोपतो, त्याचा जीव आपल्याकडे ठेव म्हणून असतो. त्या ठेवीवर भाडे घेता येते, पण ती बुडवण्याचा अधिकार ना मालकाला आहे, ना दंड घेऊन डोळे मिटणाऱ्या सरकारला.