शाळा आपल्या गावची

‘हट्ट केलास तर बोर्डिंगात टाकीन हं!’ हा दम आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेला असतो. बोर्डिंगात वाढलेले विद्यार्थी दरवर्षी माझ्या वर्गात असतात. विषय कोणताही द्या, त्यांच्या निबंधात फिरून घर येतेच.

अमेरिकेच्या अगदी उत्तरेला अलास्का नावाचा बर्फाळ मुलूख आहे. तिथल्या आदिवासी खेड्यांत हा नुसता दम नव्हता, तो रिवाजच होता. बहुतेक गावांत आठवीपुढे शाळा नसे. चौदा वर्षांची पोरे विमानाने शेकडो मैल दूर सिट्का गावी जात, कधी थेट ओरेगॉन राज्यात. शिकून परत येईतो आजीशी तिच्या बोलीत बोलणे जड जाई. अखेर १९७२ मध्ये युकॉन नदीच्या मुखाजवळच्या इमॉनक गावातील मॉली हूच हिच्या नावाने सरकारवर दावा गुदरला गेला. १९७६ मध्ये तडजोड झाली आणि १२६ खेड्यांना आपापल्या गावी हायस्कूल मिळण्याची वाट मोकळी झाली.

याच युकॉनच्या काठी, पुष्कळ वर, गलीना नावाचे गाव आहे. २०२० च्या शिरगणतीत वस्ती अवघी ४७२. बाहेरून येणारा रस्ता नाही. यायचे ते विमानाने, नाहीतर उन्हाळ्यात नदीतून. पण या चिमुकल्या गावाला स्वतःचे स्कूल बोर्ड आहे! लष्कराचा विमानतळ ओस पडू लागला तेव्हा बोर्ड कपाळाला हात लावून बसले नाही. १९९७ मध्ये त्याने तिथल्या इमारतींत वसतिगृहाची शाळा काढली. पुस्तकी अभ्यासाबरोबर मुले तिथे विमान चालवणे शिकतात, स्वयंपाक शिकतात, केशभूषाही शिकतात. शिवाय राज्यभर घरी बसून शिकणाऱ्या हजारो मुलांचा अभ्यासही हेच बोर्ड पाहते. मे २०१३ मध्ये नदीतला बर्फ तुंबून पुराने गावाची दैना केली, तरी शाळा पुन्हा भरली.

‘म्हणजे फिरून बोर्डिंगच की!’ असे तुम्ही म्हणाल. बरोबर, पण पूर्वीच्या मुलांना दुसरा मार्गच नव्हता. आज ज्याच्या गावी हायस्कूल आहे तो मुलगा गलीनाला जातो तो विमान शिकायची हौस म्हणून. नाही करमले तर गावची शाळा आहेच.

ती आहे तोवर, एवढेच. १९९८ मध्ये झालेल्या कायद्याने दहापेक्षा कमी मुले असलेल्या शाळेचा पैसा एकदम आटतो. एखादे बिऱ्हाड गाव सोडते, पटावरची दहा मुले आठ होतात आणि बहुधा कुलूप लागते. मग शाळेसाठी उरलेली बिऱ्हाडेही हलतात.

मुलांनी परगावी जरूर जावे, जग पाहावे. फक्त जाताना गावच्या शाळेची घंटा मागे वाजत असावी, एवढेच मला वाटते.