बर्फावरील नृत्य आणि उड्यांचा हिशेब

बेजिंगच्या 2022 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्यें, स्त्रियांच्या फिगर स्केटिंगांत, अलेक्झांड्रा त्रुसोवा हिनें दीर्घ नृत्यांत चार गिरक्यांच्या पांच उड्या घेतल्या; तरी तिला रौप्यपदकच! भावाचे गुण म्हणजे परीक्षकांची लहर, असा कंठशोष कांहीं मंडळी तेव्हांपासून करीत आहेत. आम्हांस तो निराधार वाटतो. दीर्घ नृत्याचे सर्वाधिक गुण तिलाच मिळाले होते. सुवर्ण हुकलें तें लघु नृत्यांत साडेतीन गिरक्यांच्या उडींत ती पडल्यामुळें. वस्तुतः पारडें उड्यांकडेच झुकलेलें आहे: भावादि प्रत्येक अंगास कमाल दहा गुण, उड्यांच्या बेरजेस मात्र तशी मर्यादाच नाहीं. त्याच स्पर्धेंत काओरी साकामोतो हिनें चार गिरक्यांची एकही उडी न घेतां कांस्यपदक मिळविलें. तिच्या वेगांतील डौलाचे गुण ज्यांना लहर वाटते, त्यांनीं गवयाची योग्यताही खुशाल ताना मोजून ठरवावी!